ड्यूटीची सूज

नव्या पोरी वॉर्डात रुजू झाल्या की आमच्या इन्चार्ज सिस्टर आधी त्यांना चप्पल काढायला लावायच्या. नाव नंतर, गाव नंतर, नर्सिंग कुठून केलं ते तर त्याच्याही नंतर. "पाय दाखव," म्हणायच्या. पोरगी बिचारी भांबावून जायची. एकीला वाटलं, बाईंना पाया पडून घ्यायची हौस आहे. ती आपली मुकाट्यानं वाकली. "अगं ऊठ! तुजं पाय दाखव म्हणलं मी, माजं कशाला धरालीस?" असं म्हणत सिस्टरांनी तिला स्टुलावर बसवलं, स्वतः पुढ्यात उकिडव्या बसल्या आणि तिच्या नडगीवर अंगठा दाबून बघितला. सगळा वॉर्ड बघत होता. पोरगी लाजून अर्धी झाली.

सोलापुरातला एका ट्रस्टचा जुना दवाखाना होता तो. दुसऱ्या मजल्यावर बायकांचा वॉर्ड, आणि त्या वॉर्डाच्या या इन्चार्ज. बुटक्या, अंगानं गोल, चष्म्याला दोन्हीकडून काळी दोरी बांधलेली, आणि चालणं असं की बरोबरीनं जायचं तर आम्हाला पळावंच लागायचं. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. मी पहिल्या दिवशी मनात म्हटलं होतं, ही बाई येडी आहे. वर्षभरानं म्हटलं, येडी आहेच, पण आपली आहे. त्यानंतर असाही काळ आला की मी त्यांचं नाव कुणाला घरात काढू देत नव्हते. ते सगळं सांगते, पण ओळीनं सांगता येईल असं वाटत नाही.

पायांचं त्यांचं रोजचंच होतं. सकाळी ओव्हर घ्यायच्या आधी, म्हणजे रात्रीच्या सिस्टरकडून पेशंट ताब्यात घ्यायच्या आधी, आम्ही रांगेत उभ्या राहायचो आणि त्या पाय बघत जायच्या. दुसऱ्या वॉर्डांत इन्चार्ज नखं बघायच्या, केस बांधलेत का बघायच्या. आमच्याकडे चपलांचे तळवे. "ह्या चपला हायत का पापड? आजच्या आज नवीन घे." वॉर्डातले मामा, म्हणजे वॉर्डबॉय, त्यांना 'पायवाल्या सिस्टर' म्हणायचे, आणि ते त्यांना माहीत होतं. एकदा कुणी तरी हसून विचारलं, सिस्टर, पायांत एवढं काय आहे हो? तर त्यांनी सरळ साडी पोटरीपर्यंत वर घेतली. निळ्या-काळ्या शिरा, दोरीचा गुंता व्हावा तशा, घोट्यापासून वर चढत गेलेल्या. एका ठिकाणी जुनी जखम भरून काळी पडलेली. "हे बघा माजं सर्व्हिस बुक," म्हणाल्या. "उभं राहून भरलंय." आणि साडी सोडून कामाला लागल्या.

त्यांची आणखी एक खोड होती, ती तर आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं करायची. भर राउंडमध्ये, मोठे डॉक्टर पेशंटच्या छातीला नळी लावून बसलेत, आजूबाजूला शिकाऊ पोरं उभी आहेत, आणि या मोठ्यांदा विचारायच्या, "काय गं, लघवीला जाऊन आलीस का?" मान खाली. "सकाळपासनं गेली न्हाईस म्हणजे. जा आधी. साहेब, दोन मिन्टं थांबा." आणि साहेब थांबायचे! नर्सा दिवसदिवस लघवी दाबून धरतात, पाणी पीत नाहीत, मग कळा येतात आणि ताप येतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं; बोलत कुणी नाही. या बोलायच्या, आणि तेही असल्या आवाजात की खालच्या मजल्यावर जावं.

याचा अर्थ त्या कामात ढिल्या होत्या असं नाही हं. काम चुकवणारीला त्या उभी सोलायच्या. कुणाचं सलाईन संपून नळीत रक्त चढलेलं दिसलं की त्या दिवशी आमची धडगत नसायची. आमच्याकडे शहराच्या पूर्वभागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या विडी कामगार बायका खूप यायच्या, खोकून खोकून चिपाड झालेल्या. त्यांच्याशी या आपल्या मोडक्या तेलुगूत, "नोप्पी उंदा अम्मा? दुकतंय? कुटं, हितं?" असं अर्धं इकडचं अर्धं तिकडचं बोलायच्या आणि त्या बायकांना ते बरोबर कळायचं. पण कुणी नातेवाइकानं लांबून 'शुक शुक' केलं, चुटकी वाजवली, तर ढिम्म हलायच्या नाहीत. "मांजर न्हाय मी. सिस्टर म्हणायचं, मग काम सांगायचं," असं सांगायच्या आणि मग तेच काम सगळ्यांत आधी करायच्या.

मे महिन्यात परिचारिका दिन असतो. आमच्या हॉलमध्ये दरवर्षी कार्यक्रम व्हायचा. प्रत्येकीला एक गुलाबाचं फूल आणि एक पेढा, आणि मग ट्रस्टच्या मंडळींची भाषणं. तुम्ही सेवेच्या मूर्ती आहात, सेवा हाच तुमचा धर्म, वगैरे. एका वर्षी कुणाच्या तरी मनात आलं, सर्वांत जुन्या सिस्टरांना दोन शब्द बोलायला लावू. या माइकसमोर गेल्या. चष्मा सारखा केला. "साहेब, सेवा देवळात करत्यात, विहारात करत्यात. सुट्टीच्या दिवशी आमी बी करतो. हितं आमी नोकरी करतो. नोकरीला पगार असतो, रजा असती, बसायला खुर्ची असती. सेवा म्हणलं की ह्यातलं काईच द्यावं लागत न्हाय, म्हणून तुमी सेवा म्हणताय." एवढंच बोलून खाली आल्या. मागून एका मावशीनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि आपण एकटीच वाजवतोय हे कळल्यावर हात पदराखाली घेतले.

खुर्चीचा विषय त्यांनी उगाच काढला नव्हता. त्याच सुमाराला नवे प्रशासक साहेब आले होते. मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात काम केलेले, बोलायला गोड. त्यांचं म्हणणं, नर्सा बसलेल्या दिसल्या की नातेवाइकांना वाटतं यांना काम नाही; दवाखान्याचं नाव खराब होतं. कार्यक्रमानंतरच्या एका दुपारी दोन मामा आले आणि नर्सिंग स्टेशनवरच्या सगळ्या खुर्च्या उचलून घेऊन गेले. वर भिंतीला कॅमेरा लागला. सिस्टरांनी कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं आणि फायली आवरायला घेतल्या. त्या भांडत नाहीत म्हटल्यावर आम्हाला जास्त धास्ती वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी पाय बघून झाले, ओव्हर झाला, आणि या सगळ्या फायली काखेत मारून वॉर्डाच्या दाराबाहेर गेल्या आणि जिन्याच्या पायरीवर बसल्या. "वॉर्डात बसायचं न्हाय म्हणलेत. जिना वॉर्डात येत न्हाय." मग काय, आम्ही एकेक जणी जाऊन त्यांच्या शेजारी बसून लिहायला लागलो. भेटायला येणारे लोक डबे घेऊन आमच्यामधून वाट काढत वर जायचे. मोठे डॉक्टर राउंडला आले, फायली मागितल्या, तर फायली जिन्यात. ते बाहेर आले, कमरेवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले, आणि मग तेही एक पायरी खाली बसले, फाईल मांडीवर घेतली आणि औषधं लिहून दिली. असं दोन-तीन दिवस चाललं असेल. मग वरून हुकूम आला, एक खुर्ची देण्यात येत आहे, फक्त इन्चार्जसाठी.

त्या खुर्चीवर सिस्टर कधी बसल्या नाहीत. "बसलं की माजी कंबर धरती," म्हणायच्या. ज्या पोरीचा चेहरा उतरलेला दिसेल तिला खांद्याला धरून बसवायच्या. कॅमेऱ्यात दिसलं तर दिसू दे, मी बसवलं म्हणून सांग. पुढं पुढं ती खुर्ची जास्त करून माझ्याकडंच यायला लागली. त्याचं कारण सांगते.

मी मंगळवेढ्याची. लग्न होऊन जुळे सोलापूर भागात आले. नवरा टॉवेलच्या कारखान्यात. ऑर्डर असली की काम, नसली की घरी. सासू, आम्ही दोघं, घर माझ्या पगारावर चालायचं म्हटलं तरी चालेल. त्यात मी करारावरची. आमच्या दवाखान्यात नर्सा दोन प्रकारच्या, कायम आणि करारावरच्या. काम तेच, एप्रन तोच. फरक एवढाच की करारावरचीचा करार अकरा महिन्यांचा, मग नवा. आणि करारात बाळंतपणाची रजा नाही. जिचं पोट दिसायला लागायचं तिचा करार पुढच्या वेळी आपोआप थांबायचा. कुणी स्पष्ट म्हणायचं नाही की यासाठी थांबवला. म्हणून पोरी लपवायच्या. दोन मापं मोठा एप्रन घ्यायचा, ऑफिसच्या मजल्यावर जायचं नाही, करार एकदाचा झाला की मग सांगायचं आणि बिनपगारी रजा टाकायची. हे सगळ्यांना माहीत होतं. कायम सिस्टरांनाही.

मला दिवस गेले तेव्हा लग्नाला सहा वर्षं झाली होती. उपासतापास झाले होते, औषधं झाली होती, सासूचे टोमणेही खाऊन झाले होते. मला ते मूल हवं होतं आणि मला ती नोकरीही हवी होती. हे मी आज इतक्या सरळ सांगते, पण तेव्हा असं म्हणायची सोय नव्हती. बाईला मूल हवं असतं, आणि नोकरी ती नाइलाजानं करते, असं धरूनच सगळे बोलतात. मला वॉर्ड आवडायचा हो. सकाळी ट्रे लावून निघालं की मला मी कुणीतरी आहे असं वाटायचं.

मी सिस्टरांना सांगितलं नव्हतं. एक दिवस त्यांनी लॉन्ड्रीतून आलेल्या गठ्ठ्यातला एक ऐसपैस एप्रन काढून माझ्या हातात दिला. "कितवा?"

"पाचवा."

"करार कधी हाय?"

"अजून दोन महिने."

त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "दोन म्हैनं निघतील," म्हणाल्या. झालं, तेवढंच. तेव्हापासून ऑफिसातलं काही काम निघालं की त्या दुसरीला पाठवायच्या. जड पेशंट उलथायचा असला की मला हाक नाही. आणि खुर्ची माझी. तुम्हाला सांगते, माझ्या आईनं जेवढं केलं नसेल तेवढं त्या बाईनं त्या दोन महिन्यांत केलं, आणि तोंडानं एक शब्द गोड नाही.

मग उन्हाळा आला. सोलापूरचा उन्हाळा, भिंतीला हात लावला तरी चटका. दुपारी बाराच्या पुढं वॉर्डातले पंखे नुसता गरम वारा खाली ढकलायचे. सगळ्यांचेच पाय सुजायचे. नर्सचे पाय सुजले की आम्ही त्याला 'ड्यूटीची सूज' म्हणायचो. ड्यूटी संपताना चढायची, रात्री झोपून उतरायची, त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. माझे पाय सुजायला लागले. सिस्टरांनी अंगठा दाबला, खळगा पडला. "ड्यूटीची सूज हाय. घरी गेलीस की उशीवर पाय टाकून पड." दुसऱ्या दिवशी परत बघितलं. "हायच की अजून. पाणी पी." तिसऱ्या दिवशीही तेच. शेजारी उभ्या असलेल्या पोरीनं आपला पाय पुढं करून दाखवला, "माझे पण बघ ना, तुझ्यापेक्षा जास्त सुजलेत." हातातल्या बांगड्या घट्ट व्हायला लागल्या, मी म्हटलं, उकाडा. चेहरा सुजट दिसायला लागला, सासू म्हणाली, तेज आलंय.

आता बघा, दिवसभर आम्ही काय करत होतो? बीपीचं यंत्र घेऊन खाटेखाटेवर फिरत होतो. बायकांचे दंड आवळत होतो, आकडे लिहीत होतो. गरोदर पेशंट असती आणि तिचे पाय सुजलेले असते, तर मी झोपेतसुद्धा तिचं बीपी घेतलं असतं, लघवी तपासायला पाठवली असती. पण एप्रन घातलेल्या बाईच्या दंडाला तो पट्टा लावावा, हे वॉर्डात कुणाला सुचलं नाही. मला नाही. आणि रोज सकाळी खाली वाकून माझे पाय बघणाऱ्या सिस्टरांनाही नाही.

त्या दुपारी मी गोळ्या वाटत होते. सकाळपासून डोकं ठणकत होतं. मला वाटलं, त्या फडफडणाऱ्या ट्यूबनं दुखतंय. मी म्हणाले, "सिस्टर, ती कोपऱ्यातली ट्यूब सारखी चमकालीय, इलेक्ट्रिशियनला बोलवा की."

त्यांनी वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "पोरी," त्या म्हणाल्या, "ट्यूब बंद हाय."

त्यांचा तो चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी माझ्या हातातला ट्रे काढून घेतला, मला खुर्चीवर बसवलं, एप्रनची बाही वर सारून पट्टा बांधला. पारा चढवला, उतरवला. परत चढवला. मी नर्स आहे, समोरच्या यंत्रातला पारा मला दिसत होता. दुसऱ्या कुणाचा असता तर मी पळत डॉक्टर बोलवायला गेले असते.

वॉर्डाचे तरुण डॉक्टर धावत आले. त्यांनी तपासलं, म्हणाले, ताबडतोब ॲडमिट करावं लागेल. मी त्यांचा हातच धरला. "सर, गोळी लिहून द्या, मी घरी जाऊन पडते. आठ दिवसांवर करार आला आहे. ॲडमिट केलं की नाव ऑफिसात जाईल." ते घुटमळले. चांगले होते हो ते. माझ्याच वयाचे, वर्षभर बरोबर काम केलेलं. त्यांनी सिस्टरांकडे बघितलं.

"लिवा साहेब," सिस्टर म्हणाल्या. "ॲडमिट."

"सिस्टर, तुम्हाला माहितीय काय होईल ते. दोन महिने तुम्हीच..."

"व्हय. मीच. लिवा."

मी काय काय बोलले! तुमची नोकरी कायमची आहे म्हणून तुम्हाला बोलायला काय जातंय, तुम्हाला काय कळतंय, माझ्या घरची चूल तुम्ही पेटवणार आहात का. वॉर्डभर ऐकू जाईल असं. खाली वाकून, माझ्या एप्रनची बटणं एकेक करून त्यांनीच काढली, अंगात पेशंटचा गाऊन घातला आणि खिडकीजवळच्या खाटेवर मला आडवं केलं. सकाळपासून ज्यांना मी औषधं देत होते त्या बायका उठून बसून माझ्याकडे बघत होत्या. शेजारच्या खाटेवरची विडी वळणारी म्हातारी सलाईनची नळी सांभाळत उतरली आणि माझ्या उशाशी येऊन बसली. तेलुगूत काहीतरी पुटपुटत तिनं माझ्या कपाळावरून हात फिरवला. मी भिंतीकडे तोंड केलं.

आमच्याकडे कमी दिवसांच्या बाळांसाठी सोय नव्हती, म्हणून संध्याकाळी मला ॲम्ब्युलन्समधून मोठ्या सरकारी दवाखान्यात हलवलं. सिस्टर बरोबर आल्या. त्यांची ड्यूटी केव्हाच संपली होती. सगळ्या वाटेत सलाईनची बाटली हातात धरून उभ्या. मी त्यांच्याशी बोलले नाही. तिथं पोचल्यावर मला बीपीनं फिटचा झटका आला, तो मला आठवत नाही. घरी एकटी असते तर काय झालं असतं, ते तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला नंतर नीट समजावून सांगितलं. चार दिवसांनी मुलगी झाली. तळहातात मावावी एवढी. ती काचेच्या पेटीत आणि मी पेटीबाहेर, असे किती तरी आठवडे गेले. पण जगली. आता घरभर नाचते, वरून मला उलटं बोलते.

ती पेटीत असतानाच ऑफिसातून फोन आला. आपल्या कराराची मुदत संपली आहे, पुढं वाढवण्यात येत नाही, धन्यवाद. आवाज अगदी गोड होता.

पुढचं मला मैत्रिणीनं सांगितलं. ती माझ्याच वॉर्डात होती. सिस्टर वर ऑफिसात गेल्या आणि प्रशासक साहेबांना म्हणाल्या, तिचा करार वाढवा. साहेब म्हणाले, करारात रजेची तरतूद नाही, मी काय करू? "मग करार चुकीचा हाय." साहेब हसून म्हणाले, सही तर तिनं केलीय ना. बोलायला कधी न हरणारी ही बाई तिथं उभीच राहिली, साहेबांनी 'बसा' म्हटलं तरी बसली नाही म्हणे. मग दुसऱ्या दिवशी परत गेली. तिसऱ्या दिवशी परत. ट्रस्टच्या मंडळींच्या घरी गेली. कुठल्याच दारात काही झालं नाही. त्यानंतर वर्षाच्या आतच त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या निरोपाला मी गेले नाही.

मी त्यांचे फोनही घेत नव्हते. खरं सांगते, मला त्यांचा राग आला होता, आणि तो राग मला कुणी धड येऊही देत नव्हतं. सासू म्हणायची, "पोरगी जगली न्हवं? मग झालं की!" नवरा म्हणायचा, जाऊ दे, पोरगी वाचली ना. मंगळवेढ्याहून आई आली, तीही तेच. ज्याला त्याला मी नोकरीचं सांगायला तोंड उघडलं की पोरगी वाचली ना. मग मी सांगायचंच सोडलं. कारखान्यात ऑर्डर नव्हती. मी दोन घरांतल्या म्हाताऱ्यांना इंजेक्शनं द्यायला जायची, बाकी वेळ पोरीला घेऊन बसायची. अंगाला सवय होती ती जात नव्हती; पहाटे उठून केस बांधून बसायची आणि मग लक्षात यायचं, कुठं जायचंय आपल्याला?

मुलगी चालायला लागल्यावर एक दिवस मलाच वाटलं, बास झालं. त्या बाईनं आपला आणि पोरीचा जीव वाचवला आणि आपण तोंड फिरवून बसलोय. पोरीला नवा फ्रॉक घातला, पेढे घेतले आणि रिक्षानं त्यांच्या गल्लीत गेले. विहाराच्या मागं त्यांचं छोटं घर, पुढं ओटा. ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या. वाळल्या होत्या. मला बघितलं आणि हात थांबले. "ये," म्हणाल्या, "बस."

मी पोरीला पुढं केलं. म्हटलं, पाया पड सिस्टर आजीच्या. पोरगी कसली पडतेय, ती शेंगांत हात घालून बसली. त्यांनी तिच्याकडे खूप वेळ बघितलं, पण जवळ घेतलं नाही.

"मी रोज बघत हुते," त्या एकदम म्हणाल्या. "तुजं पाय. रोज सकाळी. आन रोज म्हणत हुते, ड्यूटीची सूज हाय."

"सिस्टर, ते कुणालाच..."

"कुणाचं सांगू नको मला. आमाला सूज म्हणजे काईच वाटंनासं झालं हुतं. इतक्या वर्सांत सगळ्यांचंच पाय सुजल्यालं बघितलं मी."

मी पेढ्याचा पुडा पुढं सरकवला. म्हटलं, "मी आभार मानायला आले. आधीच यायला पाहिजे होतं."

"मानू नको."

"असं काय म्हणता? पोरगी वाचली ना."

माझ्याच तोंडून आलं ते. त्यांनी हातातली शेंग टोपल्यात टाकली आणि माझ्याकडे वळून बसल्या. चष्म्याआडचे डोळे लाल झाले होते. "पोरगी वाचली, लई चांगलं झालं. पण म्हणून तुजी नोकरी गेली ते बरोबर झालं व्हय? सगळी असंच बोलत्यात. ऑफिसातबी मला हेच म्हणले, सिस्टर, पोरगी वाचली न्हवं. तू तरी म्हणू नको." त्यांनी टोपली बाजूला सारली. "एक वाचवायला दुसरं घालवावं का लागलं गं? पोरगी बी तुजीच हुती, नोकरी बी तुजीच हुती. दोनी तुजंच हुतं की."

काय झालं माहीत नाही. पोरीसाठी रडायला मला सगळ्यांनी दिलं होतं. पेटीसमोर रडले, देवासमोर रडले, नवऱ्याच्या खांद्यावर रडले. नोकरीसाठी मी त्या दिवशी पहिल्यांदा रडले. ओट्यावर बसून, पदर तोंडात कोंबून, येणारे-जाणारे बघत असताना. त्यांनी पाणी आणून शेजारी ठेवलं, पोरीला उचलून कडेवर घेतलं, आणि गप्प बस म्हणाल्या नाहीत.